बिरनाळे सरांचा आवाज

वाक्पूरक यंत्र आल्यापासून अर्धांगवायूनं वाचा गेलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा घडाघडा बोलू लागे, आणि सांगलीत आता त्याचं कुणाला नवलही वाटत नसे. बिरनाळे सरही बोलत होते. खरं सांगायचं तर आजारापूर्वीपेक्षा गोड बोलत होते.

आदगोंडा बिरनाळे म्हणजे शाळेतले निवृत्त पीटीचे सर आणि कबड्डीचे पंच. एकदा बाद म्हटलं की बाद, घरातही तोच कायदा. मुलीनं, राजुलनं, सरांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून नऊ वर्षं तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता. मग मेंदूत रक्तस्राव झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. वाक्पूरक लावल्यावर तिसऱ्याच महिन्यात ते म्हणाले, "राजुलला बोलवून घे. झालं गेलं गंगेला मिळालं." सरांच्या पत्नी त्रिशलाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! तेव्हापासून राजुल दर रविवारी लेकराला घेऊन येत होती.

वाक्पूरक लावल्याला चौदा महिने झाले तेव्हा तपासणी होती. रेहाना मुजावर ही वाचोपचारतज्ज्ञ, म्हणजे गेलेलं बोलणं पुन्हा शिकवणारी बाई. वाक्पूरकाच्या पेटीतल्या नोंदी पाहता पाहता ती थांबली.

"काकू, ओळखीच्या दिवसांत बटणं कोण दाबत होतं?"

वाक्पूरकाची पट्टी कानामागे बसते. मनात शब्द जुळू लागला की मेंदूत जी हालचाल होते, ती पट्टीला अर्धवटच कळते. उरलेलं वाक्य पेटी अंदाजानं पुरं करते आणि माणसाच्याच जुन्या आवाजात बोलते. अंदाज बरोबर आला तर हिरवं बटण, चुकला तर लाल, असं पहिले तीन आठवडे रुग्णानं स्वतः सांगायचं. हेच ओळखीचे दिवस.

"मीच की," त्रिशलाबाई म्हणाल्या. "त्यांचा डावा हातही धड चालत नव्हता, बटणापर्यंत जायला मिनिट लागायचं. बघवायचं नाही हो. चाळीस वर्षं संसार केलाय, त्यांना काय म्हणायचंय ते मला कळत नाही होय?"

रेहानानं सरांच्या कानामागची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि पेटीला विचारलं, "सर, चहा घेणार?"

"त्रिशलाच्या हातचा असेल तर दोन कप," पेटी सरांच्या आवाजात म्हणाली.

सर गप्प बसून पेटीकडे बघत होते.

"मेंदूकडून मिळतं थोडं, त्यामुळे पेटी हिरव्या बटणानं मिळालेल्या पसंतीवर चालते," रेहाना हळूच म्हणाली. "ती पसंती तुमची होती. तुम्हाला ऐकायला आवडेल ते बोलायला ती शिकली."

"मग ह्यांना आता परत बोलायला शिकवा की."

"पेटीची ओळख एकदाच होते, आणि सर बोलतात म्हणून तुम्ही त्यांचा शब्दांचा सराव बंद केलात. पहिल्या वर्षात मेंदू जेवढं परत मिळवतो, तेवढं नंतर मिळत नाही, काकू. चार-दोन शब्द येतील. तेही येतीलच असं नाही."

"त्यांना आपलं बोलणं समजतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

म्हणजे चौदा महिने हा माणूस स्वतःच्याच आवाजातलं दुसऱ्याचं बोलणं ऐकत बसला होता. त्रिशलाबाईंना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

रेहानानं दोन्ही बटणं सरांपुढे मांडली. "सर, राजुलला तुम्ही माफ केलंय?"

हात निघाला. हळूहळू, थांबत. बोट लाल बटणावर टेकलं.

"हात चुकला त्यांचा!"

रेहानानं पुन्हा विचारलं. पुन्हा लाल.

"माफ केलं नाही असं असेल," ती म्हणाली, "किंवा 'मला कुणी विचारलंच नाही' असंही असेल. दोन बटणांत एवढंच मावतं. पट्टी परत लावायची की नाही, हे मी ठरवू शकत नाही. कागदोपत्री संमती बायको म्हणून तुमची लागते."

त्रिशलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. डोळे तेच होते, मैदानावरचे. परवा राजुल येणार होती. नातू आता आजोबांशी गप्पा मारतो. त्याला काय सांगायचं? पोरीला पुन्हा दारातून परत पाठवायचं?

"माझ्यानं नाही व्हायचं हो," त्या सरांना म्हणाल्या. "मला शिव्या द्या पाहिजे तर." आणि त्यांनी पट्टी उचलून सरांच्या कानामागे नीट बसवली.

"बरं केलंस," पेटी सरांच्या भरदार आवाजात म्हणाली. "राजुलला म्हणावं, रविवारी लवकर ये."

सरांचं बोट लाल बटण दाबतच होतं.