आलूबोंड्यातली सात झाडं

भैरवीने कडुनिंबाला मिठी मारली, तेव्हा कडुनिंबाने तिचा हात धरला.

ती दचकली. पण कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, ‘डोळे मिटा, दोन मिनिटं सोडू नका’, आणि भैरवी सूचना पाळणाऱ्या घरातली होती. उरलेलं सव्वा मिनिट तिने त्या बोटांसकट पूर्ण केलं. बोटं गरम होती... झाडाच्या मानाने जरा जास्तच.

“सोडू का?” झाडाने विचारलं.

खोडामागून साकेत बाहेर आला. शाळेत तिच्या मागच्या बाकावर बसायचा, आता पांढरकवडा रोडवर रोपवाटिका चालवायचा. कानावर पेन मात्र दहावीतलाच वाटत होता.

“तू काय करून राह्यली इथं?”

“झाडांचा निरोप घेतेय. घर विकलं. उद्या सकाळी बाबांना घेऊन पुण्याला चालले, कायमची.” तिने तेलकट कागद पुढे केला. “यात आलूबोंडा बांधून दिला होता. ‘आपल्या मोहल्ल्यातली सात झाडं. सोबत कोणी लागत नाही. कागद वाचा, चाला, झाडाशी बोला.’ कोण येडं लिहितं रे असं?”

“मी.”

“...बरं लिहिलंय.”

“पाचशे छापले. कोणी नेईना, म्हणून हॉटेलवाल्याले देऊन टाकले. दर रविवारी मीच चालून पाहतो, कोणी येते का.”

“आलं कोणी?”

“आज आलं,” तो म्हणाला आणि निंबाच्या खोडाकडे असं बघू लागला, जणू हे वाक्य त्याने त्यालाच उद्देशून म्हटलं होतं.

दोघं निघाले. फेब्रुवारीचं ऊन अजून सोसण्यासारखं होतं. तिसऱ्या झाडापाशी, म्हणजे चिंचेपाशी, कागद म्हणत होता, ‘सावलीत उभे राहा.’ चिंच दोन वर्षांपूर्वीच रस्त्यात गेली होती. तरी दोघं भर रस्त्यात, भर उन्हात, नसलेल्या सावलीत उभे राहिले. ऑटोवाला हॉर्न वाजवून थकला आणि वळसा घालून गेला.

“इथं माझ्या सायकलची चेन पडायची,” भैरवी म्हणाली.

“रोज. अन् मी बसवून द्यायचो.”

“रोज कशी काय पडायची रे?”

साकेतने चिंचेच्या जागेकडे पाहिलं. चिंचेने काही मदत केली नाही.

पाचव्या झाडाची सूचना तेलात बुडाली होती. सहावा कांचन. फांद्यांवर पान जवळजवळ नव्हतं, नुसती गुलाबी फुलं. साकेत त्याच्याकडे न बघता पुढे सरकू लागला.

“थांब. याच्याशी बोलायचं नाही?”

“आमचं बोलणं बंद आहे.”

भैरवीला हसू आवरेना. दहावीच्या वर्षी दसऱ्याला साकेत इस्त्रीचा शर्ट घालून सोनं द्यायला दारात आला होता. तिच्या हातात पान ठेवून तो काहीतरी बोलणार, तोच बाबा बाहेर आले. नरहर मास्तर, जीवशास्त्र. “बेटा, हा आपटा नाही. हा कांचन.” मग चाळीस मिनिटं दोन्ही पानांतला फरक, फळ्याशिवाय. साकेत उभ्याउभ्या घामाने भिजला. बोलायचं राहिलं ते राहिलंच.

“त्या दिवसापासून झाडंच शिकलो मी,” साकेत म्हणाला. “दुसरं करणार काय?”

सातवं झाड तिच्याच घरासमोर होतं. सुटीत आली की ती रोज त्याच्याखालून जायची, कधी मान वर केली नव्हती. दोन माणसांएवढा उंच, वाकडातिकडा आपटा. कागदावर लिहिलं होतं, ‘सांगायचं राहिलं असेल ते सांगा.’

“हे तू लावलंस?”

“दुसऱ्याच दिवशी.” त्याने एक पान तोडलं. “भैरवी... घे. सोनं.”

“दसऱ्याला अजून सात महिने आहेत.”

“तेरा वर्षं उशीर झाला न. सात महिने आधी चालते.” मग एका दमात, “मले तू आवडतेस. तेव्हाही, अन् आताही. उद्या जाशील तर हे ऐकून जा.”

तिने डोळे मिटले. दोन मिनिटं, सूचनेप्रमाणे. मग तिने हात वर करून फांदीवरचं एक पान तोडलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.

“घेतलं की परत द्यावं लागते न,” ती म्हणाली. “तेव्हा द्यायचं राहिलं होतं.”

“मंग... दसऱ्याले मी पुण्याले येऊ?”

“रस्ता सापडेल?”

“कागद लिहून दे.”

समोरच्या ओसरीत, बांधलेल्या खोक्यांवर बसून नरहर मास्तर चहा पीत होते. त्यांनी चष्मा वर केला.

“भैरवी! नीट पाहून घेतलंस ना? पान?”

“बाबा!”

“आपटाच आहे,” मास्तर साकेतकडे बघून म्हणाले. “तेरा वर्षं पाणी कोण घालतंय, वाटलं तुला?”