मार्चमधला लाल-पांढरा दोरा

पावसाने प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या शेडखाली सगळ्यांना कोंबलं होतं. उर्वीच्या शेजारचा उंच मुलगा फोनवर गोष्ट सांगत होता, "तीन देवी भांडतायत, आई! सोन्याचं सफरचंद एकच, आणि ते सगळ्यात सुंदर असेल तिला—"

"मग दिलं कोणाला?" उर्वीच्या तोंडून निघूनच गेलं.

त्याने वळून पाहिलं… जरा जास्तच वेळ पाहिलं. "ग्रीक गोष्टीत ॲफ्रोडाइटीला. तिने निवाडा करणाऱ्या राजपुत्राला लाच दिली, सुंदर हेलन! पण मी ट्रान्सलेट करतोय त्या बल्गेरियन कथेत हेलनच विचारते, मला देऊन टाकलंत, पण मला विचारलंत का?"

"शाब्बास तिची!"

तो निहार. न्यू जर्सीत वाढलेला, वर्षभर बल्गेरियात शिकून आलेला. नागपूरहून नोकरीला आलेली उर्वी हिवाळाभर त्याच्याकडून हेलन ऐकत राहिली आणि बघता बघता त्याच्यात गुंतली. तो मात्र काही बोलेना. त्यात कंपनी तिला ओहायोतल्या डब्लिनला बोलावत होती.

एक मार्चला कॅफेत निहारने हसत तिच्या मनगटावर लाल-पांढरा दोरा बांधला. उर्वीला वाटलं, राखी! अमेरिकेत वाढलेल्या या पोराला कोण कोणाला आणि कधी बांधतं, एवढंही ठाऊक नाही!

"ओवाळणी काय देऊ, दादा?" तिने मनगट मागे घेतलं. "मी डब्लिनला जातेय."

"जातेयस? पण… का?"

"का थांबू? हेलनसाठी एवढा गळा काढतोस, आणि मला न विचारता बहीण करून टाकलंस! मला तू आवडतोस, मूर्खा!"

शेजारच्या टेबलावरच्या काकूंनी समोसा खाली ठेवला.

निहारला हसू आवरेना. "अगं यार, ही राखी नाही! बल्गेरियात मार्च लागला की आपल्या माणसाला बांधतात. झाडाला बहर दिसला, की दोरा सोडून फांदीला बांधायचा. माझा प्लॅन होता… तेव्हा झाडाखाली तुला…"

"काय?"

"विचारायचं." त्याचे कान लाल झाले.

"बहराला महिना आहे, निहार. ऑफिसला मला आज उत्तर द्यायचंय."

त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "माझ्याबरोबर राहशील? म्हणजे… कायमची?"

उर्वीने डोळे पुसले आणि फोन उचलला.

"थांब," ती म्हणाली, "आधी ऑफिसला ‘नाही’ कळवते. मग तुला ‘हो’ म्हणते."