तोंडाने काही देऊ नये

चष्मा द्यायला गेलो व्हतो. एवढंच काम.

लीलावहिनी दारात आली आन् म्हणली, "भावजी, हास्पिटलात जाऊन ह्यांचा चष्मा तेवढा द्या. काल घाईत घरीच ऱ्हायला. त्याच्याबिगर त्यांना भिंतसुदीक दिसत न्हाई."

मी म्हणलं, आण. सदऱ्याच्या खिशात घातला, पाण्याची अर्धा लिटरची बाटली पिशवीत टाकली आन् कैलासच्या गाडीवर मागं बसलो. कैलास माझा पोरगा, उरवड्याला कंपनीत जातो. जाता जाता मला हास्पिटलच्या दारात सोडलं.

नरहरी, म्हंजी वहिनीचा नवरा, माझा शेजारी. भरे गावात आमच्या दोघांच्या घराला मधली भिंत एकच. तो शिंकला की मी हिकडनं शिवी घालायचा. गेल्या साली शाळेत शिबिर झालं, तंबाखू-मिश्रीवाल्यांची तपासणी. तोंडातनं लांब नळी घालतात, तिच्या टोकाला कॅमेरा असतो. दोघांच्याबी अन्ननळीत डाग निघाला. डॉक्टरीण जुईलीबाई, वयानं माझ्या नातीएवढी, म्हणली, "आजोबा, कॅन्सर आहे, पण अगदी वरच्या थरात. पोट-छाती काही उघडायची नाही. नळीतूनच काढू."

तिचा अभ्यास चालला व्हता. दोन रीती. जुन्या रीतीत डाग तुकड्यातुकड्यानं कापायचा. नव्या रीतीत सगळा एकदम सोलायचा, भाकरीचा पापुद्रा काढतात तसा. कुठली रीत बरी, ते शंभरएक माणसांवर बघायचं. कुणाच्या वाट्याला कुठली, ते बंद पाकीट फोडून ठरायचं. माझ्या पाकिटात जुनी निघाली, नरहरीच्या पाकिटात नवी.

"तुला जुनंच यायचं," नरहरी म्हणला. "तू हायेसच भंगारातला."

"नाचू नको. नवा बैल पहिल्या दिशी नांगराच्या तासातच बसतोय," मी म्हणलं.

म्हणलं ते म्हणलं. चेष्टा व्हती.

माझं आठ दिवस आधी झालं. नरहरीचं मंगळवारी. मी चष्मा घेऊन गेलो तो बुधवार, दुपारचे दीड वाजले असतील. खाली वहीत नाव, वेळ, सही. त्या हास्पिटलात शिंकलं तरी वेळ लिहितात, अभ्यासाचा नेम हाय तसा.

वरच्या वार्डात कुणी न्हवतं. नर्सबाया जेवायला गेलेल्या. भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढलेले, मशीनचा गार वारा, आन् एक बारीक घरघर कुटनं तरी सारखी. स्पिरिटचा वास तर असतोच. पर त्याच्या खाली आणखी एक वास व्हता. उन्हाळ्यात धरण आटल्यावर तळाचा गाळ उघडा पडतो ना, तसा.

नरहरीची खाट चार नंबर. भवती हिरवा पडदा ओढलेला. वर पाटी, तांबड्या अक्षरात: तोंडाने काही देऊ नये. मी चौथी शिकलोय, मला वाचता येतं. वाचलं.

"नऱ्या," मी म्हणलं. "चष्मा आणलाय तुझा."

पडद्याच्या फटीतनं हात आला आन् माझं मनगट धरलं. गार हात.

"पाणी..."

"पाटी लावलीय, येड्या. देत न्हाईत."

"पाणी..."

मी पडदा थोडा सारला. चादर डोक्यावरनं ओढलेली, नुसतं तोंड उघडं. ओठ फुटलेले, पांढरे. बाकी अंधार.

आता आमच्याकडची गोष्ट सांगतो. आमच्याकडं पाणी मागितलं तर न्हाई म्हणत न्हाईत. वैरी दारात आला तरी आधी तांब्या, मंग भांडण. माझ्या बापानं बांधावरनं ज्याचं डोकं फोडलं त्याला आधी पाणी पाजलं व्हतं. डॉक्टरच्या पाटीपेक्षा ते लई जुनं हाय. मी बाटली उघडली आन् त्या तोंडाला लावली. घटाघटा प्याला. निम्मी बाटली संपली तेव्हा मीच काढून घेतली.

"आणखी..."

"बास. मला मार खायला लावतोयस का?"

हातानं मनगट सोडलं. चष्मा शेजारच्या टेबलावर ठेवला आन् मी निघालो. माझ्या मनात काय आलं न्हाई. भूक लागली व्हती.

पाच वाजता वहिनीचं रडणं भिंतीपलीकडनं ऐकू आलं.

नरहरी गेला. सोललेल्या जागी अन्ननळीला भोक पडलं व्हतं म्हणं. जुईलीबाई सगळ्या माणसांना एकेक करून विचारत व्हती. डोळे सुजले व्हते तिचे. "आजोबा, खरं सांगा. कुणी त्यांना काही पाजलं का? पाणी, चहा, काहीही? भोकातून ते छातीत उतरतं."

"न्हाई," मी म्हणलं.

तिनं ते बी लिहून घेतलं, वेळ टाकून.

तिसऱ्या दिशी सावडायला गेलो. वहिनी राखेकडं बघत म्हणली, "सगळं झालं असतं तरी चाललं असतं, भावजी. पर माणूस तहानेला गेला. शेवटाला घोटभर पाणी कुणी घातलं न्हाई तोंडात." कुणी माझ्याकडं बघत न्हवतं. मला मात्र सगळे बघत्यात असं वाटलं. मी खाली वाकून अस्थी वेचायला लागलो. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती देव तुमचं भलं करो, आन् डॉक्टरीण म्हणाली असती तुमीच मारलंत. दोन्ही एकाच घोटाचं.

त्यानंतर मला काय वाटंनासं झालं. रडू न्हाई, भीती न्हाई. भाकरी चावायची म्हणून चावायची. तहानच लागंना. सून म्हणायची, "मामा, सकाळपासनं पाणी प्यायला न्हाईसा." मी म्हणायचा, ऱ्हायलं.

तीन महिन्यांनी माझी तपासणी. आदल्या संध्याकाळपासनं उपाशी. मी गुंगीचं औषध घेत न्हाई, मला काय चाललंय ते बघायचं असतं. घशात कडू फवारा मारतात, घसा लाकूड होतो. मंग तोंडात दातांमधी प्लास्टिकचं कडं आन् त्यातनं नळी. खोली काळोखी, नुसता टीव्हीचा पडदा उजेडात. त्यात आपलं पोट आतनं दिसतं, गुलाबी, ओलं.

"जखम छान भरलीय," जुईलीबाई म्हणली. मंग थांबली. "हे काय? आजोबा, पाणी प्यायलात?"

मी मान हलवली. न्हाई.

"पोट भरलंय पाण्याने. स्वच्छ पाणी. आत्ताच प्यायल्यासारखं."

मशीननं ओढून घेतलं. भिंतीवरच्या बरणीवर आकडे असतात. गौतमी सिस्टर म्हणली, "अडीचशे." म्हंजी अर्ध्या लिटरची निम्मी बाटली.

बाहेर आल्यावर बाई लई चिडली. "उपाशी राहा म्हटलं की राहायचं! ते पाणी फुप्फुसात गेलं असतं तर?"

आणखी तीन महिन्यांनी, तपासणीच्या आदल्या रात्री, मी कैलासला सांगितलं, माझ्या खाटंला खाट लावून झोप. पोरगा रात्रभर जागा. सकाळी थेट मला घेऊन गेला, बाईंना सांगितलं, "म्याडम, आन शप्पथ, थेंब न्हाई घेतला म्हाताऱ्यानं."

नळी गेली. पडद्यावर पोट दिसलं. पाणी व्हतंच. नितळ, विहिरीच्या तळासारखं. आमी तिघं बघत व्हतो. पाण्यातनं एक बुडबुडा वर आला आन् फुटला. थोड्या वेळानं दुसरा. मंग तिसरा. एका चालीत... झोपलेल्या माणसाच्या श्वासागत.

सिस्टरनं बटण दाबलं, पाणी ओढलं. ती आकडा सांगायच्या आधी मला ठावा व्हता.

घसा सुटल्यावर मी म्हणलं, "बाई, दार लावा. मला सांगायचंय."

सगळं सांगितलं. पाटी वाचली व्हती ते बी. ती ऐकत बसली. मंग म्हणली, "त्या एका मृत्यूमुळे नवी पद्धत थांबवली समितीने. बारा माणसं यादीत अडकून आहेत, आजोबा. सहा महिने मी विचार करतेय, माझा हात कुठे चुकला. आणि तुम्ही..." कपाटातनं नरहरीची फाईल काढली. वेळ लिहून घ्यायला पेन उघडला, पानं उलटली, आन् तिचा हात थांबला.

"किती वाजता आलात म्हणालात?"

"दीड. खालच्या वहीत सही हाय."

तिनं फोन करून वही मागवली. सही व्हती, एक वाजून बत्तीस. फाईल आन् वही शेजारी ठेवून तिनं वेळा बोटानं जुळवून बघितल्या.

"आजोबा, नरहरींना बारा पस्तीसला स्कॅनला खाली नेलं. तिथूनच थेट आयसीयू. ते परत वॉर्डमध्ये आलेच नाहीत. चार नंबर संध्याकाळपर्यंत रिकामा होता."

"चष्मा ठेवलाय मी तितं."

"हो. चष्मा चारच्या टेबलावर सापडला. मलाही तेव्हा नवल वाटलं, कुणी ठेवला." तिनं पान माझ्याकडं केलं. सिस्टरच्या अक्षरात लिहिलं व्हतं: तीन दहा. खाट चार. उशी पूर्ण ओली. बदलली.

"मंग नरहरीला पाणी?"

"नाही मिळालं," ती म्हणली. आवाज मऊ केला. "तुमचा काही दोष नाही. घरी जा."

दोष न्हाई म्हणल्यावर माणसाला हलकं वाटतं. मला काय वाटलं न्हाई.

गावात उतरलो तो थेट वहिनीच्या दारात. ती तांदूळ निवडत व्हती.

"वहिनी, एक सांगायचं ऱ्हायलं. त्या दिशी मी त्याला पाणी पाजलं. निम्मी बाटली."

तिच्या हातातनं सूप सुटलं. "खरं, भावजी?"

"घटाघटा प्याला."

पदर तोंडात घालून रडली, मंग हसली, मंग चहा टाकला. "मेल्या, आधी का न्हाई सांगितलं?" म्हणली. खरं वाटत व्हतं तेव्हा मी न्हाई म्हणलो. खोटं हाय हे कळलं तेव्हा व्हय म्हणलो. त्या बाईला सहा महिन्यांनी झोप लागली, तेवढं मला भिंतीतनं कळलं.

परवा तिसरी तपासणी झाली. ती सांगतो आन् थांबतो.

वार्डात मला तीन नंबर दिला. मी म्हणलं दुसरा द्या. गौतमी सिस्टर म्हणली, "बाबा, हॉटेल आहे का हे?" चारचा पडदा ओढलेला व्हता. त्याच्या पलीकडं पाच नंबरला बंडोपंत म्हणून एक जण, रिटायर कारकून, लेकाकडं हितल्या चांदे गावात ऱ्हायला आलेला. नळीची त्याची पहिलीच खेप. येता येता दोन शब्द बोललो व्हतो. सज्जन माणूस, सारखा "माफ करा हं" म्हणणारा.

सिस्टरनं माझ्या घशात फवारा मारला. जीभ मेली, गाल मेले. ती गेली. सकाळचे साडेदहा, पडदे ओढलेले. आन् गाळाचा वास आला.

"पाणी..."

चारच्या पडद्याच्या माझ्याकडल्या बाजूनंच. हिरव्या कापडाखालनं बोटं बाहेर आली, माझी चादर चाचपायला लागली.

"पाणी..."

जन्मात पहिल्यांदा मी तोंड फिरवलं. भिंतीकडं वळलो आन् हात पोटाखाली दाबून धरले. बोटं चादरीवर फिरत ऱ्हायली. मंग गेली. लई वेळ घरघर तेवढी ऐकू येत व्हती.

आन् मंग पलीकडनं बंडोपंतांचा आवाज आला. हळू, लाजल्यासारखा. "अहो, मला विचारून द्यायला हवं खरं तर... बरं, बरं, घ्या. सूनबाईची, उषाची बाटली आहे. सावकाश."

घटाघटा आवाज झाला.

मी ओरडायला तोंड उघडलं. घसा लाकूड. नुसती हवा निघाली. लाळ गळली. हातानं लोखंडी कठडा वाजवायला पायजे व्हता. तेवढं करता आलं असतं. मी केलं न्हाई.

सिस्टर आली, मला ढकलत न्यायला लागली. मागनं बंडोपंत म्हणत व्हते, "सिस्टर, माफ करा हं, चार नंबरवाल्यांना मी घोटभर पाणी दिलं. फारच मागत होते. चालेल ना?"

"चार नंबर रिकामा आहे, काका," ती म्हणली. तिला घाई व्हती.

काळोखी खोली. कडं, नळी. पडद्यावर माझं पोट आलं, गुलाबी, सुरकुतलेलं. जुईलीबाई पुढं वाकली, नळी हिकडं तिकडं फिरवली, आन् किती महिन्यांनी हसली.

"आज थेंब नाही, आजोबा."