पाळण्याकडे गेलेली पावलं

दुपारचे दोन वाजले असतील. वरोरच्या किनाऱ्यावर उन्नती बांबूवर टांगलेले बोंबील चाचपत होती, तेवढ्यात घरासमोर पोलिसांची गाडी थांबली. तिला काहीच वाटलं नाही. परवा नवऱ्याला, धर्मेशला, चौकशीला नेलं तेव्हापासून तिला काही वाटायचंच बंद झालं होतं.

धर्मेशची पहिली बायको हिना तीन वर्षांपूर्वी घरातून गेली ती गेलीच. गुजरातला पळाली, असं तो सांगायचा. आता हिनाच्या भावाने तक्रार केली होती. धर्मेशने हिनाला मारलं का, एवढंच उन्नतीला कळायला हवं होतं. मग बाळाला घेऊन तलासरीला माहेरी जायचं की नाही, ते ठरलं असतं.

तपासणीवाल्या मॅडम फवाऱ्याची बाटली घेऊन उतरल्या. "धुतलेलं रक्तसुद्धा याने अंधारात निळं चमकतं."

"मासळीवाल्याचं घर हाय, मॅडम," सासू चंद्रावती म्हणाली. बाळ तिच्या कडेवर होतं. "रक्त नाय तर काय अत्तर सांडणार?"

"मासळीचंही चमकतं. म्हणून नमुना नेऊन माणसाचं की मासळीचं, ते वेगळं बघतो."

उन्नतीने मान खाली घातली. काल सासूच्या सांगण्यावरून तिनेच ब्लिचिंग पावडरने लादी घासली होती.

सासूला बाळासकट बाहेर ठेवलं. खिडकीवर होडीची काळी ताडपत्री लावली, दार लोटलं. भर दुपारी घरात काळोख झाला... पावडरीचा आणि सुक्या मासळीचा वास तेवढा उरला. फस्स... फस्स...

सगळी लादी एकदम निळी पेटली आणि लगेच विझली.

"ही पावडर," मॅडम हळूच म्हणाल्या. "ती टिकत नाही. रक्त टिकतं."

टिकली ती पावलं होती. अनवाणी, बाईची. मोरीतून निघून, भिंतीच्या कडेकडेने, पाळण्यापर्यंत गेलेली. तिथे दोन्ही जोडून उभी. परत आलेलं एकही नाही.

"तुमची?"

उन्नतीने शेजारी पाय ठेवला. बोटभर आखूड भरला. सासूचा तर त्याहून लहान.

"ही लादी..." स्वतःचाच आवाज तिला लांबून ऐकू आला. "बारशाच्या आधी बसवली. चार महिने झाले..."

मॅडमनी कापसावर नमुना घेतला, फोटो काढले, गेल्या.

पंधरा दिवसांनी अहवाल आला. रक्त मासळीचं. धर्मेश सुटला. चंद्रावतीने दारातच त्याच्यावरून मीठ-मिरची उतरवली. "बघ गं, माझा लेक धुतल्या तांदळासारखा हाय."

उन्नती त्याला वाट देऊन दारातच थांबली.

धर्मेश आत आला. पावलं कुठे दिसली, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. लादी कोरडी, दारातून ऊन आलेलं. तरी तो एकेक जागा टाळत चालला, ओल्या सारवणावरून जावं तसा. एकही जागा चुकला नाही.

पाळण्याजवळ थांबला. बाळाला घ्यायला हात पुढे केले, मग मागे घेतले.

"बाजूला हो ना..." तो पुटपुटला.

उन्नती अजून दारातच उभी होती, सासू तिच्या मागे.