बोट आधी, आवाज मागाहून

"मावशी, असशील तशी ये!"

धाकट्या भाचीचा फोन ठेवून मावशी तडक सभागृहात पोचली. पोलिसातून निवृत्त झाली होती, पण बाईचं नाक काही निवृत्त झालेलं नव्हतं.

रंगमंचावर धाकटी रडकुंडीला आली होती. लॅपटॉपला जोडलेल्या कीबोर्डची पट्टी तिनं दाबली. आवाज आला, पण रेंगाळत, झोपमोड झालेल्या माणसानं दार उघडावं तसा.

"सकाळी झक्कास होतं गं! कुणीतरी ड्रायव्हर बदललाय."

"कुणाच्या गाडीचा?"

"अगं, आवाजाचा! लॅपटॉप आणि हा साउंडचा डबा यांच्यातला मध्यस्थ. मी निवडलेला चपळ आहे, पण हेकट. तो लावला की डबा फक्त माझ्या वाद्याचा. गाणं, व्हिडिओ, मेसेजची टिंगसुद्धा स्पीकरवर येत नाही. आता कुणीतरी साधा लावलाय. तो सगळ्यांना आत घेतो, म्हणून हा उशीर."

"मग आपला परत लाव की."

"लावीन, एका क्लिकचं काम. पण आयोजकांसमोरच फजिती झाली! म्हणाले, असल्या बेभरवशाच्या यंत्रावर सोलो नको. कुणी मुद्दाम केलं असेल तर दाखवा, नाहीतर गिटारवाला वाजवेल. दौऱ्यावर कोण जाणार ते या सोलोवरच ठरतंय, मावशी."

इतकी वर्षं धाकटी थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, गाण्यामागे वाजवत आली होती. पहिल्यांदाच कुणी तिला एकटीला ऐकणार होतं.

मावशीनं आधी गिटारवाल्याला गाठलं.

"दुपारी कुठे होतास?"

"इथेच, तारा बदलत. खोटं कशाला बोलू, तिला सोलो मिळाला तेव्हा पोटात दुखलं माझ्या. पण लॅपटॉपला हात नाही लावला."

"दुसरं कोण होतं?"

"ताई. त्यांचा जुना व्हिडिओ मोठ्या स्पीकरवर चालला होता. मग मी चहाला गेलो."

ताई आत आरशापुढे लिपस्टिक लावत होती.

"त्या गिटारवाल्यालाच धर, मावशी. पहिल्यापासून पाण्यात पाहतो तो तिला."

"तू दुपारी काय करत होतीस?"

"आमच्या पहिल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला होता तिच्या लॅपटॉपवर. काय घुमला माझा आवाज! तो संपल्यावर तिच्या दोन पट्ट्या दाबून पाहिल्या, अगदी चोख. म्हणजे त्यानं नंतरच केलं."

"तू काही बदललं नाहीस?"

"छे! मला त्यातलं काय कळतंय?"

मावशीनं तिघांना एकत्र बसवलं.

"गिटारवाला सुटला," ती म्हणाली. "व्हिडिओ मोठ्या स्पीकरवर वाजला, हे दोघंही सांगतात. चपळ ड्रायव्हर असता तर तो वाजलाच नसता. म्हणजे तेव्हा साधा लागलेला होता. आणि साधा असताना पट्ट्या चोख वाजतील कशा? ताई, दुसऱ्यावर ढकलायला गेलीस आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलास."

ताईच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ऐकण्यापुरताच बदलला होता," ती शेवटी म्हणाली. "परत लावणार होते, शपथ. पण त्या व्हिडिओत गातेय मी, आणि माझंच लक्ष हिच्या बोटांकडे! माझंच! मग लोकांचं काय होत असेल? जळले गं मी. ठेवला तसाच."

"मागितला असतास तर सोलो तुला दिला असता," धाकटी म्हणाली.

"तेच तर! मी तुझ्याकडे मागायचं?"

बाहेर प्रेक्षकांना आत सोडायला सुरुवात झाली होती.

"आयोजकांना कोण सांगणार?" मावशीनं विचारलं.

धाकटीनं डोळे पुसले. "यंत्रच बिघडलं म्हणू. वाजवू दे गिटारवाल्याला. ताईचं नाव नको."

"गप्प बस!" ताई उसळली. "वाजवण्यात पुढे गेलीस ते गेलीस, आता मोठेपणातही तूच का?"

ती उठली. अर्धवट लिपस्टिकनंच आयोजकांच्या खोलीत शिरली. दार उघडंच राहिलं होतं.

"यंत्र ठणठणीत आहे," तिचा आवाज आला. "मी बिघडवलं होतं. सोलो तिचाच."

धाकटीनं आपला ड्रायव्हर परत लावला. पट्टी दाबली. आवाज बोटाबरोबर आला. ती मात्र त्या उघड्या दाराकडेच बघत होती.