ढब्बूच्या मुठीतलं घड्याळ

आईचं यान रविवारी चंद्राकडे निघणार होतं आणि शुक्रवार उजाडला तरी आजीचं घड्याळ दिवसाला वीस मिनिटं पुढे पळत होतं.

चंद्रतळावर दीड वर्ष राहायचं, तर आजीची एवढी आठवण मनगटावर हवी, असं आईला वाटत होतं. कित्येक वर्षं बंद पडलेलं ते चावीचं घड्याळ दुरुस्त करायचं काम मी मोठ्या तोऱ्यात अंगावर घेतलं होतं. मदतीला आजोबा. त्यांनी उपग्रहांसाठी लाखो वर्षांत सेकंदाचीही चूक न करणारी घड्याळं बनवली होती, पण चावीच्या घड्याळापुढे तेही माझ्याइतकेच कच्चे. आमच्या चिमट्यातून स्क्रू टुणकन उडायचे. मग घरचा यंत्रमानव ढब्बू बोटांतल्या चुंबकांनी ते गोळा करायचा, आणि काम संपलं की घड्याळ पडू नये म्हणून रात्रभर मुठीत जपायचा.

दोनदा उघडलं, पुसलं, तेल दिलं. ते सुरू झालं, पण दर वेळी आणखीच पळायला लागलं. मला रडू आलं.

शुक्रवारी एक स्क्रू आजोबांच्या चिमट्याला चिकटला तो सुटेचना. आजोबा थबकले. त्यांनी होकायंत्र आणून घड्याळाजवळ धरलं, तर त्याची सुई वळली.

मग त्यांनी मला समजावलं. घड्याळात बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलणारं छोटं चाक) असतं. त्याला झुलवते हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली कमान). तिच्यात चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि ती आखूड झाल्यासारखी वागते. आजोबांनी माझी पट्टी टेबलाच्या कडेवर दाबून टोक छेडलं. बरीच बाहेर होती तेव्हा ती संथ हलली, थोडीच बाहेर ठेवली तेव्हा भराभर. घड्याळाचंही तेच झालं होतं.

"पण चुंबकत्व आलं कुठून?" मी विचारलं.

ढब्बू आपल्या बोटांकडे बघत होता. "म्हणजे मीच बिघडवलं," तो म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. घड्याळाला त्याच्याइतकं कोणीच जपलं नव्हतं, म्हणून मला फार वाईट वाटलं.

आजोबांनी तारेचं वेटोळं करून त्यातून सतत दिशा बदलणारी वीज सोडली. पोलादात असंख्य चिमुकली चुंबकं असतात, ती प्रार्थनेच्या रांगेतल्या मुलांसारखी एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली होती. वेटोळ्यात ती उलटसुलट वळू लागली. मी घड्याळ अगदी हळू लांब नेलं, तसा ओढा कमी होत गेला, रांग मोडली आणि ज्याचं तोंड जिकडे होतं तिकडेच ते थांबलं. होकायंत्राची सुई आता जागची हलेना.

शनिवारी दिवसभरात जेमतेम दहा सेकंदांचा फरक पडला.

निघताना आईने विचारलं, की चंद्रावर वजन कमी होतं, तिथे हे चालेल ना? लंबकाचं घड्याळ तिथे रेंगाळलं असतं, पण हे कमानीच्या जोरावर झुलतं, असं मीच तिला सांगितलं. आजोबा नुसते हसले.

ढब्बू दारापाशी उभा होता, हात अजून पाठीमागेच. निरोप द्यायलाही त्याने ते पुढे केले नाहीत.

आई त्याच्यासमोर थांबली. "घड्याळ डाव्या हातात आहे, ढब्बू," ती म्हणाली. "उजवा तुझाच."

त्याने तो दोन्ही हातांत धरला, आणि यानाची वेळ झाली तरी सोडेना.