बाबांच्या वेगाची तबकडी

"तुमचं यंत्र पळतंय!" मी मध्येच बोलले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

तबकडीवरून सुई उचलेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा शनिवारच्या जॅझ मंडळाचा एकमेव नियम. आमच्या दुकानात चष्म्याला आलेल्या, हे मंडळ चालवणाऱ्या मास्तरांनी बोलावलं, म्हणून मी बाबांची आवडती तबकडी काखेत मारून गेले होते. ती लागली आणि मी नियम मोडला, तोही पहिल्याच दुपारी.

त्या रेकॉर्ड-प्लेअरचा मालक, एक घड्याळजी, गालात हसला. तबकडी संपू दिली, मग तिच्या काठाला कागदाचा कपटा चिकटवून मिनिटभर फेऱ्या मोजल्या. तेहेतीस आणि वर एक तृतीयांश, हव्यात तेवढ्याच.

"काटेकोर आहे," तो म्हणाला. "पळत नाहीये. तुमच्या घरचं... रेंगाळत असेल?"

माझा चेहरा पडला. बाबा गेल्यावर ते जुनं यंत्र मीच भंगारात दिलं होतं. ट्रंपेटचा तो संथ, जड सूर म्हणजे बाबांची सकाळ होती—गालाला दाढीचा साबण, डोळे मिटलेले. तो सूर आता जगात कुठेच नव्हता. मला तिथेच रडू फुटलं.

"पुढच्या शनिवारी याल?" त्यानं हळूच विचारलं. "तबकडी ठेवून जा. जिवापाड सांभाळीन."

आठ दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. एका आजोबांच्या एकाच डोळ्याची नजर मी दोनदा तपासली.

शनिवारी पाहते तर यंत्राच्या कुशीत एक नवा, बारीक पितळी स्क्रू. "डोळे मिटा," तो म्हणाला. "हा फिरवत मी वेग कमी करत जातो. घरच्यासारखं वाटलं की थांब म्हणा."

"आणि नियम?"

"आज एका शब्दाची सूट आहे. मास्तरांना विचारलंय."

सुई टेकली. ट्रंपेट उतरू लागलं... अजून थोडं... अजून...

"थांबा."

तोच सूर! बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेत, असं वाटलं. मी श्वाससुद्धा जपून घेत होते. एवढंसं पितळ, आणि त्यानं माझं हरवलेलं घर उघडलं! डोळे उघडले तर घड्याळजी यंत्राकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

सुई उठली. मास्तर नवा चष्मा पुसत बसले होते.

"आयुष्यभर सगळं वेळेवर चालावं म्हणून झटलो," घड्याळजी पुटपुटला. "मुद्दाम मागे पडू दिलेलं हे पहिलंच. तुमच्यासाठी... म्हणजे, दुसऱ्या कुणासाठी केलं नसतं."

कान लाल झाले होते त्याचे. माझेही झाले असणार.

"आता दुसरी बाजू लावा," मी म्हणाले. "तुमच्या वेगानं. तीही ऐकायचीय मला... रोज."

"रोज? मंडळ तर शनिवारीच बसतं."

"मंडळाचं कोण बोलतंय?"